घर्षण-ढवळ जोडकामातील हत्याराचा आकार

धातूंच्या कडा न वितळविता, फिरत्या हत्याराच्या घर्षणाने मऊ करून व ढवळून एकजीव करण्याच्या प्रक्रियेला घर्षण-ढवळ जोडकाम म्हणतात. इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या ‘द वेल्डिंग इन्स्टिट्यूट’ या संस्थेत वेन टॉमस व त्यांचे सहकारी यांनी ही प्रक्रिया शोधून काढली व डिसेंबर १९९१ मध्ये तिच्या एकस्वासाठी अर्ज केला. ‘वितळजोडकाम’ ही मराठीत रुळलेली संज्ञा हिला खरे पाहता लागू पडत नाही. शुद्ध ॲल्युमिनियमाचा वितळबिंदू ६६०° से. असून त्याच्या मिश्रधातू याहून काहीशा कमी तापमानाला वितळू लागतात. जोड तयार होताना तापमान सामान्यतः ४००° ते ५००° से.च्या आसपासच राहते. इतर बहुतेक पद्धतींत वितळलेली धातू आपल्या आपण फटीत वाहत जाऊन ती भरून काढते. येथे धातू मऊ पण घनच असल्यामुळे तिला वाहविण्याचे, दाबण्याचे व फटीत बसविण्याचे काम हत्यारालाच करावे लागते. या प्रक्रियेत हत्याराच्या आकाराला इतके महत्त्व का, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे. प्रस्तुत नोंदीत ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूंपुरताच विचार केला आहे.

या मिश्रधातूंना ही प्रक्रिया विशेष मानवली, याची कारणे त्यांच्या गुणधर्मांत आहेत. ॲल्युमिनियमाच्या पृष्ठावर ऑक्साइडाचा चिवट पापुद्रा असतो व त्याचा वितळबिंदू २,०००° से.हून जास्त आहे. वितळलेल्या ॲल्युमिनियमात हायड्रोजन विरघळतो आणि धातू घट्ट होताना तो बाहेर पडून जोडात बुडबुड्यांसारख्या पोकळ्या राहतात. तांबेयुक्त (२००० मालिका) व जस्तयुक्त (७००० मालिका) बलवान मिश्रधातूंपैकी अनेक घट्ट होताना तडकतात, म्हणून विमानांच्या सांगाड्यांत त्या दीर्घकाळ रिव्हेटांनीच जोडल्या जात असत. धातू वितळलीच नाही, तर यांपैकी शेवटच्या दोन अडचणी उद्‌भवत नाहीत. ऑक्साइडाचा पापुद्रा मात्र हत्याराने फोडून विखरून टाकावा लागतो आणि तो कितपत विखुरला जाईल हे हत्याराच्या ठेवणीवर अवलंबून असते.

जोडावयाच्या पत्र्यांच्या कडा एकमेकींना भिडवून पत्रे पोलादी आधारपट्टीवर घट्ट आवळतात. हत्यार हा हत्यारी पोलादाचा, बहुधा सु. ५% क्रोमियम व थोडे मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम असलेल्या पोलादाचा, एक आखूड दांडा असतो. त्याच्या खालच्या टोकाला रुंद बूड असते; त्यास खांदा म्हणतात. खांद्याच्या मध्यावर एक लहान खुंटी पुढे आलेली असते; कारखान्यांत तिला पिन असेच म्हणतात. फिरते हत्यार सांध्यावर दाबले म्हणजे पिन धातूत शिरते, खांदा पृष्ठावर टेकतो आणि भोवतालची धातू मऊ झाल्यावर हत्यार सांध्याच्या रेषेवरून पुढे सरकविले जाते. सहा मिमी. जाडीच्या पत्र्यांसाठी पिनेचा व्यास ६ मिमी., लांबी पत्र्याच्या जाडीपेक्षा किंचित कमी, म्हणजे ५·७ मिमी., आणि खांद्याचा व्यास १८ मिमी. ही नमुन्यादाखल मापे होत. ‘हत्यार’ या शब्दाने कर्तनाची कल्पना मनात येते. मिलिंग यंत्रावर काम केलेल्या कारागिराला तर ती हटकून येते. परंतु येथे काहीही कापावयाचे नसते. बाहेर कीस वा पापुद्रा पडू लागला, तर सांधा भरण्यासाठी हवी असलेली धातू वाया जात आहे असे समजावे.

हत्यार फिरतही असते व पुढेही सरकत असते, त्यामुळे त्याच्या दोन बाजूंना सारखी स्थिती नसते. ज्या बाजूला हत्याराच्या कडेची गती पुढे सरकण्याच्या दिशेनेच असते तिला अग्रगामी व दुसरीला प्रतिगामी बाजू म्हणतात. पुढची धातू पिनेभोवती मुख्यतः प्रतिगामी बाजूने वळसा घालून मागे जाते व तेथे थराथराने बसते. दर मिनिटास १,२०० फेरे आणि ७५ मिमी. पुढची चाल असेल, तर प्रत्येक फेऱ्यामागे हत्यार १/१६ मिमी. पुढे जाते, जोडाचा छेद घासून व अम्लाने कोरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास कांद्याच्या पाकळ्यांसारखी जी वलये दिसतात त्यांतील अंतर या चालीइतके असते. के. कॉलिगन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सांध्याजवळ खाचा करून त्यांत पोलादाच्या बारीक गोळ्या भरल्या, वरून जोड केला आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने गोळ्या कोठे गेल्या हे पाहिले. काही गोळ्या अस्ताव्यस्त विखुरल्या होत्या, परंतु बऱ्याच गोळ्यांच्या रांगा जवळजवळ तशाच शाबूत राहून केवळ मागे व बाजूला सरकल्या होत्या. म्हणजे ‘ढवळणे’ हा शब्द अर्धाच खरा आहे. धातूचा मोठा भाग ढवळला न जाता, बहिःसारणाच्या साच्यातून जावी तशी पिनेच्या बाजूने पिळून निघते. पिनेचा आकार ठरविताना ती केवळ रवी नसून साच्याची एक भिंतही आहे, हे लक्षात ठेवावे लागते.

खांदा : उष्णता प्रामुख्याने खांदा निर्माण करतो. घर्षणाचे कर्तन प्रतिबल सर्वत्र सारखे धरले, तर फिरत्या सपाट बुडाला लागणारे परिपीडन त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असते, कारण बाहेरच्या कड्याचे क्षेत्रफळही जास्त, भुजाही लांब. वर दिलेल्या मापांसाठी हा हिशोब केला, तर एकूण उष्णतेपैकी सु. ८०% खांद्यापासून, सु. १७% पिनेच्या बाजूंपासून आणि उरलेली पिनेच्या टोकापासून येते. खांद्याचा व्यास १५ मिमी. वरून १८ मिमी. केला, तर खांद्याची उष्णता १·७ पट व २१ मिमी. केला तर २·७ पट होते. प्रत्यक्षात वाढ इतकी होत नाही, कारण धातू जसजशी तापते तसतसे तिचे प्रतिबल घटते आणि उष्णतानिर्मिती स्वतःलाच आवर घालते. तरीही दोन-तीन मिमी.चा फरक किरकोळ नव्हे, हे यावरून दिसते. खांदा लहान असेल तर धातू पुरेशी मऊ होत नाही व पिनेवर ताण येतो. मोठा असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंचा रुंद पट्टा तापून नरम पडतो.

हे नरम पडणे ६०६१ व ७०७५ यांसारख्या, उष्णता संस्करणाने बल प्राप्त केलेल्या मिश्रधातूंत विशेष जाणवते. त्यांचे बल धातूत पसरलेल्या अतिसूक्ष्म अवक्षेपांवर अवलंबून असते. जोडाच्या मधल्या ढवळलेल्या भागात धातूचे पुनर्स्फटिकीभवन होऊन काही मायक्रोमीटर आकाराचे बारीक कण तयार होतात. त्याच्या बाहेरच्या उष्णताबाधित भागात मात्र कण तेच राहतात आणि अवक्षेप तेवढे वाढून विरळ होतात. पिन कितीही उत्तम असली व सांध्यात एकही दोष नसला, तरी ताणचाचणीत असा जोड बहुधा याच नरम पट्ट्यात तुटतो. पिनेच्या आकारावर लिहिल्या गेलेल्या संशोधनपर लेखांच्या संख्येच्या मानाने खांद्याच्या व्यासाकडे कमी लक्ष गेले आहे, हे थोडे विपरीतच म्हणावे लागेल.

खांद्याचे दुसरे काम झाकणाचे. पिन शिरल्यामुळे वर उसळलेली धातू त्याने अडवून पुन्हा खाली दाबावयाची असते. त्यासाठी सुरुवातीपासून प्रचारात असलेला आकार म्हणजे बशीसारखा ६° ते १०° खोलगट खांदा होय. खोलगट भागात थोडी धातू साठते व ती मागच्या बाजूस घडाईसारखी दाबली जावी म्हणून हत्यार १° ते ३° मागे कलते ठेवतात. कलत्या हत्याराने वळणदार सांधा करणे गैरसोयीचे असते, कारण प्रत्येक वळणावर कलाची दिशा बदलावी लागते. म्हणून खांद्याच्या बुडावर कडेपासून मध्याकडे येणाऱ्या सर्पिल खोबणी कोरण्याची युक्ती निघाली. फिरताना त्या धातूला आत, पिनेकडे ओढून आणतात, त्यामुळे हत्यार सरळ उभे ठेवूनही कडेने धातू सांडत नाही. खोबणींची दिशा आणि फिरण्याची दिशा यांचा मेळ अर्थातच बसावा लागतो. तो चुकल्यास धातू बाहेर फेकली जाते.

पिन : सर्वांत साधी पिन म्हणजे गुळगुळीत दंडगोल. तिच्याभोवती धातू आडवी फिरते, पण वरून खाली फारशी जात नाही. पत्रा जाड असेल तर तळाशी, विशेषतः अग्रगामी बाजूस, पोकळी राहून ती सांध्याबरोबर लांबच लांब पसरते. तिला बोगदा-दोष म्हणतात. वरून पाहता असा जोड निर्दोष दिसतो. पिनेवर आटे पाडले म्हणजे ती स्क्रूप्रमाणे धातूला उभ्या दिशेने वाहविते. हत्यार वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल तर आटे डावे हवेत, म्हणजे धातू खाली ढकलली जाते. नेहमीचे उजवे आटे पाडल्यास ती वर उपसली जाऊन तळ पोकळ राहतो. एकाच पिनेने, एकाच गतीने, केवळ फिरण्याची दिशा उलटी झाल्यामुळे चांगला जोड वाईट ठरू शकतो.

बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील के. कुमार व सतीश कैलास यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हत्याराचा धातूशी होणारा संपर्क एकाच जोडात हळूहळू वाढवीत नेला व ठिकठिकाणचे छेद तपासले. त्यावरून धातूचे दोन वेगळे प्रवाह असतात असे दिसून आले: एक पिनेने चालविलेला, थराथराने मागे बसणारा, दुसरा खांद्याने चालविलेला, वरून येऊन पोकळी भरणारा. खांदा पुरेसा टेकला नाही तर दुसरा प्रवाह पहिल्याला येऊन मिळत नाही व मध्ये पोकळी राहते. हे दोन प्रवाह एकजीव झाले तरच जोड निर्दोष होतो. खांदा व पिन यांची मापे वेगवेगळी न ठरविता एकत्र ठरविली पाहिजेत, याचे याहून चांगले स्पष्टीकरण प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

आट्यांऐवजी पिनेला सपाट बाजू दिल्या तर काय होते, हा प्रश्न तमिळनाडूतील अण्णामलई विद्यापीठात के. एलंगोवन व व्ही. बालसुब्रमण्यन यांनी २००७-०८ च्या सुमारास अभ्यासला. ६०६१ या मिश्रधातूसाठी त्यांनी साधी दंडगोल, निमुळती, आटे असलेली, त्रिकोणी व चौकोनी अशा पाच पिना आणि १५, १८ व २१ मिमी. व्यासांचे तीन खांदे घेतले. चौकोनी पीन व १८ मिमी.चा खांदा या जोडीने सर्वांत चांगले ताणबल दिले. २२१९ या तांबेयुक्त मिश्रधातूतही चौकोनी पिनच सरस ठरली. याचे कारण भूमितीत सापडते. चौकोनी पिन फिरताना तिचे कोपरे एक वर्तुळ झाडून काढतात. त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ पिनेच्या स्वतःच्या छेदाच्या १·५७ पट असते. समभुज त्रिकोणासाठी हे गुणोत्तर २·४२ आणि गुळगुळीत दंडगोलासाठी १ आहे. झाडलेले क्षेत्र व पिनेने व्यापलेले क्षेत्र यांतील फरक म्हणजे धातूला वाहण्यासाठी मिळालेली वाट होय. शिवाय प्रत्येक सपाट बाजू फिरताना धातूला एक ठोका देते. दर मिनिटास १,२०० फेऱ्यांना चौकोनी पिनेचे सेकंदाला ८० व त्रिकोणी पिनेचे ६० ठोके पडतात. त्रिकोणी पिनेचे गुणोत्तर मोठे असूनही ती मागे पडली, यावरून केवळ गुणोत्तराकडे पाहून भागत नाही हे उघड आहे; तिचे ठोके कमी आणि छेद लहान असल्याने तिचे स्वतःचे बळही कमी.

या प्रयोगांवरून चौकोनी पिन सर्वत्र श्रेष्ठ असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. ते सु. ६ मिमी. जाडीच्या पत्र्यांवर केलेले आहेत. साध्या मिलिंग यंत्रावर चौकोनी पिन अर्ध्या तासात तयार होते, हा तिचा प्रयोगशाळेतील मोठा गुण. पत्रा जाड होऊ लागला की सपाट बाजूंनी धातू खाली नेता येत नाही आणि आटे वा पन्हळी यांवाचून चालत नाही.

जाड पत्र्यांसाठी द वेल्डिंग इन्स्टिट्यूटने दोन आकार विकसित केले. ‘व्होर्ल’ ही निमुळती, खोल सर्पिल कंगोरा असलेली पिन आहे; ‘एमएक्स ट्रायफ्लूट’ या निमुळत्या पिनेवर तीन खोल सर्पिल पन्हळी व त्यांच्यामधील उंचवट्यांवर आट्यांसारखे कंगोरे असतात. तेवढ्याच व्यासाच्या दंडगोल पिनेच्या मानाने पहिली सु. ६०% व दुसरी सु. ७०% कमी धातू बाजूस सारते. २५ मिमी. जाडीच्या पत्र्यासाठी झाडलेल्या व व्यापलेल्या घनफळांचे गुणोत्तर नेहमीच्या आट्यांच्या पिनेला १·१, व्होर्लला १·८ आणि एमएक्स ट्रायफ्लूटला २·६ असे दिले जाते. जाड पत्र्यात पिन लांब असते व तिच्यावर पुढे सरकताना येणारे आडवे बल तिला मुळाशी वाकविते. निमुळता आकार हे बल सोसण्यासही सोयीचा, कारण जेथे वाक जास्त तेथेच पिन जाड. केंब्रिज विद्यापीठातील पॉल कोलग्रोव्ह व ह्यू शर्क्लिफ यांनी धातूच्या प्रवाहाचे गणितीय प्रतिरूप वापरून तीन फुगीर बाजूंची ‘ट्रायव्हेक्स’ ही पिन आखली व तिला ट्रायफ्लूटपेक्षा कमी आडवे बल लागते असे २००४ मध्ये दाखविले. या क्षेत्रात आकार अनुमानाने व प्रयोगानेच ठरत आले असल्याने हा गणिताने आखलेला अपवाद नोंदण्याजोगा आहे.

पत्र्यांच्या कडा भिडविण्याऐवजी एकावर एक ठेवून जोड करावयाचा असेल तर आडाखे बदलतात. धातू जोराने वरखाली वाहिली तर दोन पत्र्यांमधील सीमा आकड्यासारखी वर वळते आणि वरच्या पत्र्याची उपयुक्त जाडी घटते. येथे खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची. म्हणून टोकाकडे पसरत जाणाऱ्या पन्हळींच्या पिना किंवा आसाशी किंचित तिरपी बसविलेली, फिरताना रुंद वाट झाडणारी पिन वापरतात.

हत्याराची झीज ॲल्युमिनियमाच्या नेहमीच्या मिश्रधातूंत अल्प असते. परंतु ॲल्युमिनियमात सिरॅमिक कण मिसळलेल्या संयुक्त द्रव्यांत आटे भराभर झिजतात. अमेरिकेत एल पासो येथील टेक्सस विद्यापीठात ६०६१ मध्ये २०% ॲल्युमिनियम ऑक्साइड असलेल्या द्रव्यावर केलेल्या प्रयोगांत आटे नाहीसे होऊन पिनेला एक गुळगुळीत आकार आला व त्यानंतर झीज जवळजवळ थांबली. त्या गुळगुळीत पिनेनेही जोड चांगले होत राहिले. हत्याराला हवा तो आकार येथे धातूनेच कोरून दिला, असे म्हणता येईल.

पिनेच्या लांबीबाबत चूक फार महाग पडते. ती जास्त झाली तर आधारपट्टीत रुतते. कमी झाली तर तळाच्या कडा नुसत्या एकमेकींना टेकलेल्या राहतात, त्यांच्यामध्ये ऑक्साइडाचा पातळ पडदा तसाच असतो. अशी फट इतकी बारीक की क्ष-किरण चित्रात ती बहुधा दिसत नाही. तळाची बाजू बाहेर येईल अशा रीतीने जोडाचा तुकडा वाकवून पाहणे ही जुनी, तुकडा गमवावी लागणारी चाचणीच येथे भरवशाची ठरते.

आकारातील बदलाचे परिणाम किती दूरवर जातात याचे एक उदाहरण अमेरिकेच्या ‘स्पेस लाँच सिस्टिम’ या महाकाय अग्निबाणाच्या बांधणीत घडले. त्याच्या मुख्य टप्प्याच्या द्रव ऑक्सिजन व द्रव हायड्रोजन यांच्या टाक्या २२१९ या मिश्रधातूच्या असून त्यांचे सांधे न्यू ऑर्लिन्समधील मिशू येथील कारखान्यात या पद्धतीने करतात. बांधणी चालू असतानाच जोडकामाच्या हत्याराची रचना बदलण्यात आली आणि दोन्ही प्रकारच्या टाक्यांच्या जोडांचे बल अपेक्षेपेक्षा कमी भरले. टाक्यांचे जोडकाम काही महिने थांबवावे लागले, असे अमेरिकेच्या गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस या लेखापरीक्षण संस्थेने एप्रिल २०१७ मधील अहवालात नमूद केले. हा अग्निबाण पहिल्यांदा नोव्हेंबर २०२२ मध्ये उडाला. विलंबाला इतरही पुष्कळ कारणे होती, पण वर्षानुवर्षे परिचित असलेली मिश्रधातू, परिचित प्रक्रिया व प्रचंड यंत्र हे सर्व तेच असताना तळहातावर मावणाऱ्या भागाच्या बदलाने काम अडले. हत्यार बदलले की पूर्वीच्या चाचण्यांची आकडेवारी त्या नव्या हत्याराला लागू पडत नाही. ती पुन्हा मिळवावी लागते. भारतीय अग्निबाणांच्या क्रायोजेनिक टप्प्यांच्या टाक्यांतही २२१९ हीच मिश्रधातू वापरली जाते.

सांध्याच्या शेवटी हत्यार वर उचलले की पिनेच्या आकाराचे भोक मागे राहते. सरळ सांध्यात ते जादा तुकड्यावर नेऊन कापून टाकता येते. टाकीच्या वर्तुळाकार सांध्याला मात्र शेवटचा तुकडाच नसतो. यासाठी अमेरिकेतील मार्शल अवकाश उड्डाण केंद्रात जोडकाम चालू असतानाच पिन खांद्याच्या आत हळूहळू ओढून घेता येईल असे हत्यार तयार करण्यात आले. दुसऱ्या एका प्रकारात पिनेच्या दोन्ही टोकांना खांदे असतात व पत्रा त्यांच्यामध्ये धरला जातो. त्यामुळे आधारपट्टी लागत नाही आणि तळ न जुळण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र या हत्यारात खालच्या खांद्याचे सर्व परिपीडन एका बारीक पिनेवर येते आणि ती तुटली तर खालचा खांदा पत्र्याखालीच राहतो.